वातावरणप्रधान पझल-प्लॅटफॉर्मर कसा जोखायचा: बळ कुठे, कच्चेपणा कुठे

'लिंबो', 'इनसाइड', 'लिटल नाइटमेअर्स' यांच्या जातीचा पझल-प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत आणि कोडी सोडवत पुढे जायचा गेम, संपवला की बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येतं: दिसायला अप्रतिम, पण मध्ये मध्ये वैताग येतो. वाक्य खरं असतं, पण त्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही. वैताग कशाचा आला? कोडं सुटत नव्हतं, अंधारात कडा दिसली नाही, उडी उशिरा लागली, की मेल्यावर तीच वाट पुन्हा तुडवावी लागली? ही चार वेगळी दुखणी आहेत. पहिलं तर दुखणं असेलच असंही नाही, कारण कोड्यापाशी अडणं हा या प्रकारातला आनंदच आहे.

पुढची पद्धत परीक्षण लिहिणाऱ्यांना उपयोगी पडेल, तशीच असा गेम स्वतः बनवणाऱ्यांनाही. संपूर्ण गेमभर एकच प्रश्न धरून ठेवायचा: वातावरण आणि कोडं एकमेकांना मदत करतात, की एकमेकांच्या आड येतात? चांगल्या गेममध्ये अंधार, धुकं, आवाज हेच कोड्याचे सुगावे असतात. कच्च्या गेममध्ये तेच धुकं कोड्यावर पांघरलेलं असतं.

सुरू करण्यापूर्वी: पडदा, आवाज, कंट्रोलर

या प्रकारातल्या कितीतरी तक्रारी गेमच्या नसून पडद्याच्या असतात, म्हणून हे काम आधी उरकायचं. सेटिंगमध्ये ब्राइटनेसची पट्टी असते आणि 'हे चिन्ह जेमतेम दिसेल इथपर्यंत सरकवा' अशी सूचना असते. ती खोलीत नेहमीचा उजेड ठेवून पाळा, भर दुपारी खिडकी उघडी टाकून नको. नंतर कन्सोल किंवा ग्राफिक्स कार्डाची आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा पल्ला) आणि टीव्हीची रेंज जुळते का पाहा. कन्सोल पूर्ण रेंज पाठवत असेल आणि टीव्ही मर्यादित रेंजची अपेक्षा करत असेल, तर सगळ्या गडद छटा एकाच काळ्यात बुडतात. उलट जोडणी झाली तर काळा रंग राखाडी पडतो आणि चित्र धुतल्यासारखं दिसतं. पहिल्या प्रकारात खड्डे दिसत नाहीत, दुसऱ्या प्रकारात वातावरणच मरतं. दोन्ही वेळा दोष गेमच्या नावावर लागतो.

टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा. तो बंद असताना टीव्ही चित्रावर जी प्रक्रिया करतो, तिने बटण दाबणं आणि हालचाल दिसणं यात अनेक मिलिसेकंदांची भर पडते. आवाजासाठी तारेचे हेडफोन घ्या. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज मागे राहतो आणि आवाजाच्या तालावर चालणारी कोडी उगाच बिघडतात. कंट्रोलर असेल तर त्यावरच खेळा, कारण हळू चालणं, वाकून सरकणं, दोरीवर झोका घेणं यांसाठी अ‍ॅनालॉग स्टिक उपयोगी पडते. मात्र संगणकावरच्या गेमचं परीक्षण असेल तर निदान अर्धा तास कीबोर्डवरही काढा. अनेक वाचक तसंच खेळणार असतात.

व्हिडिओ पाहून गेम जोखू नका. ऑनलाइन व्हिडिओच्या कॉम्प्रेशनमध्ये सगळ्यात आधी गडद भाग मार खातात. हलक्या धुक्यातल्या छटांचे पट्टे पडतात आणि मूळ गेममध्ये दिसणारी कडा व्हिडिओत गायब होते. 'इनसाइड' बनवताना प्लेडेड या ('लिंबो' ही बनवणाऱ्या) स्टुडिओच्या लोकांनी असे पट्टे टाळण्यासाठी चित्रात मुद्दाम बारीक गोंगाट मिसळला होता. त्या कामाचं मोल मूळ पडद्यावरच कळतं.

आणि एक वही. फोनवर टिपणं घेऊ नका, त्याच्या उजेडाने डोळ्यांना अंधाराची लागलेली सवय मोडते.

पहिली दहा मिनिटं फक्त हालचालीला

गोष्ट, चित्रं, संगीत यांच्याकडे तूर्त लक्ष देऊ नका. सपाट जमीन आणि एक कडा मिळाली की थांबा आणि पुढचे प्रयोग करा.

कडेवरून धावत जा आणि पाय जमीन सोडतो न सोडतो तेवढ्यात उडीचं बटण दाबा. उडी लागली तर गेममध्ये कडेची सवलत आहे. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये पाच-सहा फ्रेमची, म्हणजे सुमारे ०.१ सेकंदाची सवलत पुरते. खेळणाऱ्याला ती जाणवतही नाही, फक्त 'उडी लागायला हवी होती' ही तक्रार उरत नाही. नंतर उलटा प्रयोग: खाली येताना जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबा. गेमने ते लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी मारली तर बटणाची आठवण ठेवली जाते. बटण हलकं दाबल्यावर उडी ठेंगणी होते का, हवेत दिशा बदलता येते का, दोरी किंवा शिडी पकडायला बटण लागतं की ती आपोआप पकडली जाते, हेही टिपा.

इथे एक फरक समजून घ्यावा लागतो, कारण त्यावर बरीच परीक्षणं घसरतात. 'लिंबो' आणि 'इनसाइड' मधली पोरं जड चालतात. उडीपूर्वी अंग जरा दबतं, उतरल्यावर तोल सावरायला क्षण जातो. तो उशीर ठरवून ठेवलेला आहे. लहान, घाबरलेलं शरीर आपण हलवतो आहोत असं वाटावं म्हणून तो असतो. बटण दाबूनही काहीच न होणं ही वेगळी गोष्ट आहे, तो खरा दोष. दोन्ही कसे ओळखायचे? फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ घ्या, चौकटीत तुमचा अंगठा आणि पडदा दोन्ही दिसू द्या. बटण खाली गेल्यापासून अंगाची पहिली हालचाल होईपर्यंत फ्रेम मोजा आणि ४.२ ने गुणा, उत्तर मिलिसेकंदात येईल. २४ फ्रेम म्हणजे १०० मिलिसेकंद. पाच-सहा वेळा मोजून मधला आकडा धरा. त्यानंतर पाय जमिनीवरून उचलेपर्यंतचा काळ वेगळा मोजा. पहिला आकडा मोठा असेल तर प्रतिसाद सुस्त आहे. तुमच्या टीव्हीचा वाटाही त्यात असतो, म्हणून त्याच पडद्यावर दुसरा एखादा गेम मोजून तुलना करा. दुसरा आकडा मोठा असेल तर ती शैली आहे, आणि मग प्रश्न असा की कोडी त्या शैलीला साजेशी आहेत का. जड चालणाऱ्या पोराला 'सेलेस्ट' सारख्या नेमक्या उड्यांच्या रांगा दिल्या तर शैलीच दोष बनते. 'लिंबो' च्या उत्तरार्धात, फिरत्या करवती आणि गुरुत्वाकर्षण उलटवणाऱ्या यंत्रांच्या भागात, हा ताण काही ठिकाणी जाणवतो: डोकं उत्तर केव्हाच काढून बसलेलं असतं आणि अंग मागे राहतं.

प्रत्येक मरणाला एक अक्षर

हा या पद्धतीचा सगळ्यात कामाचा भाग आहे. वहीत प्रत्येक मृत्यूपुढे जागा लिहा आणि चारपैकी एक अक्षर:

ह – उत्तर माहीत होतं, हात चुकला.
न – उत्तर दिसण्यासारखं होतं, पण नजरेतून सुटलं.
अ – मरण्यापूर्वी कळण्याची काही सोयच नव्हती.
ख – उत्तर बरोबर होतं, हातही बरोबर चालला, गेमने खोडा घातला. पेटी भलतीकडे घरंगळली, दोरीने पकडलंच नाही, कॅमेरा उशिरा सरकला.

अक्षर मेल्यामेल्या लिहा. तासाभराने लिहाल तर सगळ्या चुका गेमच्या वाटू लागतात, किंवा सगळ्या स्वतःच्या. मरणं भराभर येत असतील तर प्रत्येकाला निदान एक रेघ मारा आणि थांबल्यावर अक्षरं भरा. एकूण किती वेळा मेलो या आकड्याला फारसा अर्थ नाही. 'लिंबो' मध्ये पहिल्यांदा खेळताना वारंवार मरणं हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं आहे. पण त्याच गेममध्ये एका बैठकीत पाच किंवा त्याहून कमी मरणांत सगळं संपवल्याबद्दल एक अचिव्हमेंटही (गेममधलं शाबासकीचं चिन्ह) आहे. म्हणजे वाट माहीत झाली की हात फारसा आडवा येत नाही, आणि पहिल्या फेरीतली बरीचशी मरणं 'न' किंवा 'अ' ची असतात. एवढ्या एका गोष्टीवरून त्या गेमचा स्वभाव कळतो.

'ह' ची मरणं एकाच जागी आठ-दहा वेळा आली तर तिथे कोडं संपून कसरत सुरू झाली आहे. कसरत वाईट नसते, पण तिथे वातावरण ओसरतं. तिसऱ्या वेळी भीती कमी होते, सहाव्या वेळी उरते ती मोजदाद. पाठलागाच्या प्रसंगांत हा धोका सर्वाधिक. 'ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट' मधला गिन्सो झाडातला चढता पूर याचं ठळक उदाहरण. एरवी त्या गेममध्ये खेळणारा स्वतः ऊर्जा खर्चून सेव्ह करतो, पण त्या पळापळीत ती सोय नाही, चुकलं की पुन्हा सुरुवातीपासून. एका दमात जमला तर तो प्रसंग अंगावर काटा आणतो. विसाव्या प्रयत्नात जमला तर संगीतसुद्धा नकोसं होतं. परीक्षणात दोन्ही लिहायला हवं, कारण वाचकांत दोन्ही प्रकारचे हात असतात.

'अ' च्या मरणांबद्दल मतभेद आहेत आणि राहतील. 'लिंबो' मध्ये चेपणाऱ्या यंत्रांची एक जोडी येते. पहिल्या ठिकाणी कळीवर पाय ठेवला की मरण. हे शिकून दुसऱ्या ठिकाणी ती कळ टाळून शेजारी पाय ठेवावा, तर तिथे नियम उलटा असतो. प्लेडेडला मरणातूनच शिकवायचं होतं आणि त्या क्षणी खेळणाऱ्याला एक क्रूर चपराक बसते, जी त्या जगाला शोभते. तरीही हिशेब सरळ ठेवा: हे कोडं विचार करून सुटत नाही. असे प्रसंग पूर्ण गेममध्ये दोन-तीन असतील तर ती चव आहे. दर दहा मिनिटांनी एक असेल तर खेळणारा विचार करणं सोडतो आणि आधी मरून पाहायला लागतो. कोड्यांच्या गेमसाठी याहून मोठं नुकसान नाही.

'ख' ला माफी नाही. असा संशय आला की तेच बरोबर उत्तर पाच वेळा जसंच्या तसं करून पाहा. पाचही वेळा तोच परिणाम आला तर तुमचं उत्तर अर्धवट होतं, अक्षर बदलून 'न' करा. परिणाम बदलत राहिला तर दोष नोंदवा, जागेसकट. पेट्या ढकलणं, फळ्यांचा तोल, झोके घेणारे दोर, पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तू हे सगळं भौतिकीच्या गणितावर चालतं. ढकलण्याचा वेग किंचित बदलला की पेटी वेगळ्या कोनात पडते. चांगले बनवणारे अशा ठिकाणी गुपचूप मदत करतात: पेटी ठरलेल्या जागेजवळ आली की ती अलगद बसते, दोर पकडण्याची हद्द दिसते त्यापेक्षा मोठी ठेवतात. मदत दिसली नाही पण उत्तर दरवेळी लागलं, तर ते उत्तम काम आहे आणि तसं लिहा.

परतीची किंमत सेकंदांत

स्टॉपवॉच लावा. मरण्याच्या क्षणापासून चुकलेल्या जागी पुन्हा पोचेपर्यंत किती सेकंद लागतात? यात तीन तुकडे असतात: पडदा काळा होऊन पुन्हा उजळेपर्यंतचा वेळ, चेकपॉइंटपासून (मेल्यावर गेम जिथून पुन्हा सुरू होतो ती जागा) परत चालण्याचा वेळ, आणि फिरणारं यंत्र किंवा येरझारा घालणारा पहारेकरी योग्य जागी येईपर्यंतची वाट. तिन्ही वेगळे लिहा, कारण उपाय वेगळे असतात. पहिला तुकडा जलद डिस्कवर कमी होऊ शकतो. 'लिटल नाइटमेअर्स' प्रसिद्ध झाला तेव्हा कन्सोलवर मेल्यानंतरच्या लांब लोडिंगबद्दल बरीच ओरड झाली होती. दुसरा आणि तिसरा तुकडा रचनेतच असतो, त्याला यंत्र बदलून उपाय नाही.

एकूण १० सेकंदांच्या आत असेल तर मरण स्वस्त आहे आणि गेमला कडक व्हायचा हक्क आहे. ३० सेकंदांच्या पुढे गेलं तर तिथलं कोडं मरणाविना कळण्यासारखं असलंच पाहिजे. हा आमचा मापदंड, कोणत्या नियमावलीत लिहिलेला नाही, पण तो क्वचितच फसवतो. किंमत शून्यावर आणण्याचेही मार्ग आहेत: 'ब्रेड' ने २००८ मध्ये वेळ मागे फिरवायची सोय देऊन मरण जवळजवळ रद्दच केलं, 'ग्रिस' मध्ये मरणच नाही. पण शून्य किमतीत धाकही शून्य होतो. 'ग्रिस' ला धाक नकोच होता, म्हणून तिथे ते शोभतं. भीतीवर उभ्या गेममध्ये तीच सोय वातावरण पोकळ करून टाकेल.

परतताना आवाजाचं काय होतं याकडेही कान द्या. बहुतेक गेममध्ये मेल्यावर संगीताची तीच सुरुवात पुन्हा वाजते आणि चौथ्या वेळी कान किटतात. 'इनसाइड' मध्ये आवाज आणि संगीत सांभाळणाऱ्या मार्टिन स्टिग अँडरसन यांनी अनेक ठिकाणी आवाज मरणातून तसाच पुढे वाहू दिला. धक्क्याच्या लाटा येत राहतात तो लांबलचक भाग आठवा: आडोशामागून आडोशाकडे पळायचं, लाट आली की लपायचं, आणि मधे मरण आलं तरी ताल तुटत नाही. त्यामुळे दहा प्रयत्नांचा मिळून एकच प्रसंग वाटतो. फार कमी गेमांना हे जमलं आहे.

कोडं तपासताना

प्रत्येक मोठ्या कोड्यापुढे चार गोष्टी लिहा: उत्तराला लागणाऱ्या सगळ्या वस्तू एका चौकटीत दिसतात का, त्यांचा नियम आधी कुठे सोप्या रूपात शिकवला आहे का, अर्धवट चुकल्यावर मरण न पत्करता पुन्हा मांडता येतं का, आणि उत्तर सापडल्यावर ते अमलात आणायला किती वेळ लागतो.

सर्वांत जास्त त्रास दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर होतो. नियम शिकवण्याची चांगली रीत म्हणजे आधी धोका नसलेल्या जागी वस्तू हाताळू द्यायची, मग थोड्या धोक्यात, आणि शेवटी तिचा उलटा वापर मागायचा. 'लिंबो' मधली डोक्यावर पडणारी अळी पाहा. ती चिकटली की पोरगं एकाच दिशेने चालत राहतं, थांबवता येत नाही. उजेडाच्या झोतात आलं की दिशा उलटते. काळ्या-पांढऱ्या गेममध्ये उजेड हाच नियम करणं हे वातावरण आणि कोडं एकजीव होण्याचं नमुनेदार उदाहरण आहे. त्याआधीचा कोळ्याचा प्रसंगही तसाच. कोळी जमिनीवर पाय आपटतो, त्या हादऱ्याने झाडावर अडकलेला सापळा खाली पडतो. लोखंडाचा तो आवाज हाच सुगावा. आवाज बंद ठेवून खेळणारा तिथे बराच वेळ अडकतो.

मांडणी अडकण्याचा प्रकार मुद्दाम तपासा. पेटी कोपऱ्यात ढकला, शिडी चुकीच्या बाजूला टाका, लिफ्ट वर पाठवून स्वतः खाली राहा. आता गेम सोडवता येतो का? चांगल्या गेममध्ये पेटी मागेही ओढता येते, कळ दोन्ही मजल्यांवर असते, किंवा निदान जवळच एक खड्डा असतो ज्यात उडी घेऊन नव्याने सुरू करता येतं. यातलं काही नसेल आणि मेनूत जाऊन चेकपॉइंट पुन्हा लोड करावा लागत असेल, तर मेनू उघडताक्षणी भारलेपण फुटतं. ज्या गेमने पडद्यावरून आयुष्याची पट्टी, गुण, नकाशा सगळं काढून टाकलं आहे, त्याला तर हे फारच महागात पडतं. पडदा असा मोकळा ठेवण्याची रीत जुनी आहे, १९९१ च्या 'अनदर वर्ल्ड' मध्ये एरिक शाही यांनी ती पुरती निभावली होती. मोकळ्या पडद्याची अट एवढीच की सगळी माहिती जगातूनच मिळायला हवी.

शोधाची व्याप्तीही मोजा. मागे किती अंतर जाता येतं? तीन पडदे मागे राहिलेल्या वस्तूची गरज असेल तर खेळणारा उत्तर शोधत नाही, सगळं जग चाळत बसतो. 'लिंबो' आणि 'इनसाइड' या दोन्हींच्या खेळरचनेवर काम केलेल्या येप्पे कार्लसन यांचा नंतरचा एक गेम 'कोकून' (२०२३) हा उड्यांचा नाही, पण या बाबतीत शिकण्यासारखा आहे. नको असलेल्या वाटा तो शांतपणे बंद करत जातो आणि हाती उरलेल्या वस्तूंतच उत्तर आहे याचा भरवसा देतो.

अंधार आणि खोली

वातावरण सुंदर आहे हे सांगायला फारसे कष्ट पडत नाहीत. ते खेळण्याजोगं आहे का हे असं तपासा: अडलेल्या जागेचा स्क्रीनशॉट घ्या, त्यातला रंग काढून टाका, आकार चौथाई करा. पाय ठेवायच्या जागा, धोका आणि पोरगं या तीन गोष्टी अजून वेगळ्या ओळखू येतात का? 'लिंबो' ला मुळातच रंग नाही, तरी ही परीक्षा तो बहुतेक ठिकाणी पार करतो, कारण पुढचं सगळं गडद आणि मागचं सगळं फिकट धुक्यात अशी शिस्त त्याने पाळली आहे. 'इनसाइड' मध्ये पोराचा लाल सदरा हेच काम करतो. जिथे पुढचा गडद थर पोराला झाकतो किंवा पार्श्वभूमीतली फांदी आणि चढता येणारी फांदी सारखीच दिसते, ती जागा लिहून ठेवा. अशी ठिकाणं 'न' च्या खात्यात जातात, पण वाटा गेमचा असतो.

दुसरी गोष्ट खोलीची. पोरगं फक्त डावी-उजवीकडे जातं, की पडद्याच्या आत-बाहेरही? 'लिटल नाइटमेअर्स' मध्ये आत-बाहेर जाता येतं आणि त्या मोठमोठ्या खोल्यांची भीती त्यातूनच येते: टेबलाखाली लपता येतं, कपाटामागून डोकावता येतं, लांब हातांचा आंधळा राखणदार खोलीभर चाचपडत फिरतो. पण त्याच मोकळेपणामुळे अरुंद फळीवरून चालताना आपण नेमके फळीच्या मधोमध आहोत की कडेवर, हे बाजूच्या कॅमेऱ्यातून कळत नाही, आणि तिथली बरीच पडझड धोक्यामुळे न होता अंदाज चुकल्यामुळे होते. अशा गेममध्ये पोराची सावली ठीक खाली पडते का पाहा. सावली असेल तर अंदाज लागतो. फळीवर असताना पोरगं आपोआप मधोमध खेचलं जातं का, हेही तपासा. नसेल तर स्टिक सरळ एका दिशेला धरून छोट्या टप्प्यांत चाला, तिरकी धरलीत की घसरण ठरलेली.

एक तपासणी आवाज बंद करून करा, कारण काही वाचकांना ऐकू येत नाही आणि बरेच जण बसमध्ये हेडफोनविना खेळतात. दहा मिनिटं मूक खेळून कोणती कोडी सुटेनाशी होतात ते नोंदवा. आवाजावरच चाललेल्या कोड्याला डोळ्यांसाठी काही जोड दिली आहे का? लाटेबरोबर धूळ उडते, दिवा लुकलुकतो, कंट्रोलर थरथरतो? तसंच सेटिंगमध्ये सबटायटल, बटणं बदलण्याची सोय, दाबून धरण्याऐवजी एकदाच दाबण्याची सोय, कंपन बंद करण्याची सोय आहे का पाहा. या जातीचे गेम छोट्या चमूंचे असतात आणि इथे हात आखडला जातो. 'सेलेस्ट' हाही छोट्या चमूचाच गेम होता, आणि त्याने गेमचा वेग कमी करण्यापर्यंतची सगळी मदत मेनूत ठेवली.

लांबी, चालणं आणि शेवट

तीन-चार तासांचा गेम 'छोटा' म्हणून गुण कापू नका. नव्या कल्पना संपल्या की थांबणं हा या प्रकारात गुण आहे. त्याऐवजी दर अर्ध्या तासाला लिहा: या वेळात नवा नियम कोणता आला? सलग दोन नोंदींत काही नवं नसेल तर तिथे ताण सैल झाला आहे. निवांत चालण्याचे भाग वाया गेलेले समजू नका, पण त्यांत काही पाहण्यासारखं, ऐकण्यासारखं आहे का ते पाहा. पार्श्वभूमीत दूरवर काही घडत असेल तर तोही कथेचा भाग आहे. नुसती रिकामी वाट आणि मंद चाल असेल तर ते लांबीचं भरण आहे.

शब्दांविना सांगितलेल्या गोष्टीचा शेवट अस्पष्ट असतो आणि त्यावरून वाद होतात. शेवट समजला नाही एवढ्यावरून तो कच्चा ठरत नाही. मागची चित्रं, वस्तू, आवाज यांच्याशी तो जोडता येतो का ते पाहा. त्यासाठी गेम संपल्यावर पहिला अर्धा तास पुन्हा खेळा. सुरुवातीच्या दृश्यांत आता काही वेगळं दिसलं तर शेवट कमावलेला आहे.

लिहिताना

वहीतली अक्षरं मोजा आणि मग वाक्यं करा. 'नियंत्रण सुस्त आहे' याऐवजी 'उडीला अंग दबायला वेळ लागतो. कोडी त्याला धरून आहेत, फक्त शेवटच्या तासात दोन ठिकाणी नेमक्या उड्या मागितल्या आहेत आणि तिथे सगळ्यात जास्त मरणं झाली' असं लिहा. प्रत्येक बळाशेजारी त्याची किंमत लिहा आणि प्रत्येक दोषाशेजारी तो कुणाला बोचेल ते. मोकळा पडदा एकाला मोकळीक वाटतो, दुसऱ्याला हरवल्यासारखं होतं. अचानक मरणं एकाला थरार देतात, दुसऱ्याला ती फसवणूक वाटते. लहान मुलाचा मृत्यू वारंवार आणि तपशिलात दिसणार असेल तर ते पहिल्या परिच्छेदातच सांगा. काही गेम ते सौम्य करण्याचा पर्याय देतात, तो आहे की नाही हेही.

उत्तरं फोडू नका. उदाहरणं गेमच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातून घ्या, त्यापुढच्या दोषांची जागा सांगा पण कोडं उलगडू नका. वर जुन्या गेमांची उत्तरं थोडीफार आली आहेत ती पद्धत दाखवण्यापुरती. नव्या गेमच्या परीक्षणात तेवढंही नको.

शेवटच्या ओळीत गेमची आवृत्ती, यंत्र, सेकंदाला किती फ्रेम मिळाल्या आणि कंट्रोलर कोणता होता ते लिहा. लोडिंगचा वेळ, भौतिकीतली गडबड, कॅमेऱ्याचा उशीर हे दोष पुढच्या अपडेटमध्ये सुधारले जाऊ शकतात. 'ओरी' च्या २०१६ च्या नव्या आवृत्तीत अडचणीच्या पातळ्या आणि दूरच्या ठिकाणी झटपट जाण्याची सोय आली, आणि त्यामुळे मूळ आवृत्तीवरच्या काही तक्रारी कालबाह्य झाल्या. आवृत्ती लिहिलेली असेल तर तुमची कोणती तक्रार अजून लागू आहे, हे वाचक स्वतः ताडून पाहू शकेल.